सड्यावरच्या फुलांची आकडेवारी : पी ०.००१ आला, पण मला तो समजलेला नाही. कुठून शिकू?

कातळफूल
नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, मूळची राजापूर तालुक्यातली. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या सहा सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळांवर, एक मीटर बाय एक मीटरचे क्वाड्राट, म्हणजे मोजणीच्या चौकटी, टाकल्या. तीन सडे मोकळे, तिथे फक्त गुरं चरतात. उरलेल्या तिघांना हापूसच्या बागांनी वेढलंय. सुरुंग लावून कातळ फोडायचा, खड्ड्यात बाहेरून माती आणून भरायची आणि कलमं लावायची, हे कोकणातल्यांना सांगायला नको. बागांच्या मधे जो कातळ शिल्लक राहिलाय तिथला झाडोरा बदललाय का, हा माझा प्रश्न. प्रत्येक सड्यावर १२, असे एकूण ७२ क्वाड्राट. गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, कवला, तेरडा आणि गवतं धरून ४१ प्रजाती.

मार्गदर्शक म्हणाले, "एनएमडीएस काढ आणि पर्मानोव्हा कर." पहिलं म्हणजे सारख्या जागा जवळ दाखवणारं चित्र, दुसरं म्हणजे गटांतला फरक तपासणारी चाचणी, एवढंच मला माहीत. एका सीनियरने आर या आकडेवारीच्या संगणकभाषेतला कोड दिला. मी फाइलचं नाव बदलून तो चालवला. चित्राचा स्ट्रेस ०.१९, चाचणीचा पी (इतका फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१. सगळे म्हणाले, झकास. मग विभागातल्या सादरीकरणात एका बाईंनी शांतपणे विचारलं, "क्वाड्राटांतलं अंतर मोजायला ब्रे-कर्टिसच का घेतलंस? आणि ०.१९ म्हणजे नक्की काय?" मला एक शब्द बोलता आला नाही. भर पावसात गुडघ्यांवर बसून एकेक गेंद मोजलाय मी, आणि त्याचं पुढे काय झालं ते मलाच माहीत नाही, याचं फार वाईट वाटलं.

गणित बारावीनंतर सुटलं. पण हे नीट शिकायचंय. कुठून सुरुवात करू?

मृगसर
प्रश्न आवडला. माझ्या पीएचडीच्या वेळी मीही असाच कोड चालवला होता, मला कुणी विचारलं नाही एवढंच. वाचतेय.

ताम्हण
पहिली गोष्ट, आठवडाभर कोड बंद. आपला तक्ता उघडा आणि नुसता बघा. आडव्या ओळीत क्वाड्राट, उभ्या रकान्यात प्रजाती. किती घरं शून्य आहेत? किती प्रजाती फक्त एका क्वाड्राटमध्ये सापडल्या? सगळ्यात मोठा आकडा कोणता आणि कुणाचा? समुदायाच्या आकडेवारीत बहुतेक घरं रिकामी असतात आणि दोन-तीन प्रजाती बाकीच्यांना झाकून टाकतात. पुढच्या सगळ्या पद्धती याच दोन अडचणींशी झगडण्यासाठी निघाल्या आहेत. अडचण डोळ्यांनी पाहिली की पद्धत पाठ करावी लागत नाही.

आणि नावं तपासा. आमच्या गटात एका गवताच्या नावापुढे कुणाकडून तरी एक रिकामी जागा टंकली गेली आणि संगणकाने त्याच्या दोन प्रजाती धरल्या. सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. मोजलं पण सापडलं नाही ते शून्य, आणि मोजलंच नाही ते रिकामं, हा फरकही आधीच ठरवून ठेवा.

निवृत्त मास्तर
कातळफूल, मी तीस वर्षं सांख्यिकी शिकवली. वहीपेन्सिल घे. तीन काल्पनिक क्वाड्राट आणि तीन प्रजाती : गेंद, कवला, तेरडा.

क : ०, ४, ८
ख : ०, १, १
ग : १, ०, ०

आता मला न मोजता सांग, ख हा कुणासारखा आहे? कुणीही सांगेल, कसारखा. दोघांतही कवला आणि तेरडा आहे, फक्त कमीजास्त. गशी तर खचं काहीच जुळत नाही. आता शाळेतलं साधं सरळ रेषेतलं अंतर काढ, पायथागोरसवालं. ख ते ग १.७३ येतं, आणि क ते ख ७.६२. म्हणजे गणिताच्या मते एकही प्रजात समान नसलेले दोन क्वाड्राट जवळचे आणि सगळ्या प्रजाती समान असलेले दोन लांबचे!

आता ब्रे-कर्टिस काढ. प्रत्येक प्रजातीच्या आकड्यांतला फरक, त्या फरकांची बेरीज, भागिले दोन्ही क्वाड्राटांतली मिळून एकूण संख्या. क आणि ख : फरक ० + ३ + ७ = १०, एकूण १४, उत्तर ०.७१. ख आणि ग : फरक १ + १ + १ = ३, एकूण ३, उत्तर १. एक म्हणजे पूर्ण वेगळे. आता उत्तर तुझ्या डोळ्यांशी जुळलं. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

कातळफूल
मास्तर, हे मी आत्ता वहीत केलं. दोन वर्षं जे नाव लिहितेय ते एवढं सोपं आहे? मनापासून आभार. उरलेलं अर्धं उत्तर काय?

पानगळ
उरलेलं अर्धं मी सांगते. मास्तरांच्या उदाहरणात ख आणि क या दोघांतही गेंद नाही. तर ही दोघांतली "नाही" साम्य मानायची का? सड्यावर गेंद नसण्याची कारणं अनेक. पाणी साचत नसेल, माती जास्त असेल, किंवा तुम्ही गेलात तेव्हा तो उगवलाच नसेल. दोन घरांत हत्ती नाही म्हणून ती घरं सारखी म्हणता येत नाहीत. म्हणून परिसंस्थेच्या अभ्यासात बहुतेक वेळा दुहेरी शून्याला साम्याचे गुण द्यायचे नाहीत असं ठरवतात, आणि ब्रे-कर्टिस ते देत नाही. हा निर्णय तुमचा, वनस्पतिशास्त्रज्ञाचा आहे. संगणक तो घेऊ शकत नाही.

दुसरा निर्णय संख्येचा. गेंदाचे ३०० दांडे आणि दीपकाडीचं एक रोप. कच्चे आकडे घातलेत तर सगळं अंतर गेंदच ठरवणार. वर्गमूळ घेतलं तर १७ विरुद्ध १ होतं. नुसतं आहे-नाही घेतलं तर १ विरुद्ध १. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्ही वेगळे प्रश्न विचारतात. आणि एक सूचना : आरच्या व्हेगन पॅकेजमधला, एनएमडीएस काढणारा मेटाएमडीएस मोठे आकडे दिसले की सांगितल्याशिवाय वर्गमूळ वगैरे घेतो. तुमच्या निकालात ती ओळ छापून आलेली असेल, शोधा. पर्मानोव्हा करणारा अडोनिस मात्र असं काही करत नाही. म्हणजे तुमचं चित्र एका आकड्यांचं आणि चाचणी दुसऱ्याच आकड्यांची असू शकते.

कातळफूल
आहे ती ओळ. चित्र आणि चाचणी खरंच वेगवेगळ्या आकड्यांवर झालीय माझी.

शेणवाट
मला वाटलं धागा माणसांच्या समुदायाबद्दल आहे, जनगणनेसारखा काहीतरी. चुकून आलो आणि हत्तीपर्यंत वाचत बसलो. चालू द्या.

उत्तरसमुद्र
मी नेदरलँड्समध्ये राहतो. व्हेगनबरोबर सरावाला 'ड्यून' नावाचा तक्ता मिळतो, तो आमच्या इथल्या तेरस्खेलिंग बेटावरच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या कुरणांचा आहे. २० जागा, ३० प्रजाती, आकडे ० ते ९ च्या श्रेणीत. सोबत दुसरा तक्ता : मातीच्या वरच्या थराची जाडी, ओलावा, खत, आणि जमीन कुणाच्या हातात आहे ते. नेहमीची शेती ६, सेंद्रिय ३, हौशी शेतकरी ५, निसर्गरक्षणाखालची ६. कातळफूल, हा तुझाच प्रश्न आहे बघ. मातीची जाडी आणि माणसाचा वापर, यातलं काय झाडोरा ठरवतं?

त्या बेटावर जाऊन आलोय मी. हार्लिंगनहून बोटीने. संगणकावर पाहिलेली नावं प्रत्यक्ष गवतात दिसली तेव्हा फार आनंद झाला. आधी या छोट्या तक्त्यावर सगळं करून पाहा. वीस ओळी आहेत, काही चुकलं तर नजरेने पकडता येतं. ७२ ओळींत चूक लपते.

निवृत्त मास्तर
उत्तम सल्ला. ब्रे आणि कर्टिस यांनी १९५७ साली विस्कॉन्सिनच्या जंगलांवर हे केलं तेव्हा अंतरं काढून, दोन टोकांच्या जागा निवडून, बाकीच्या त्यांच्या मधे मांडल्या. कामाचा गाभा तोच : एकमेकांसारख्या जागा जवळ, वेगळ्या लांब.

आंबोळी
स्ट्रेसचं कुणी सांगितलं नाही अजून. कातळफूल, महाराष्ट्राच्या नकाशाशिवाय कल्पना कर. तुझ्याकडे फक्त एसटीचा अंतरांचा तक्ता आहे : रत्नागिरी-कोल्हापूर इतके, कोल्हापूर-सातारा इतके. त्यावरून कागदावर ठिपके मांडायचेत. एनएमडीएस हेच करतं, पण किलोमीटर जपत नाही, फक्त क्रम जपतं. जी जोडी तक्त्यात सगळ्यात लांबची ती कागदावरही सगळ्यात लांबची असावी. ४१ प्रजातींचं प्रकरण दोन मितींच्या कागदावर दाबताना सगळे क्रम जपता येत नाहीत, काही मोडतात. किती मोडले त्याचं माप म्हणजे स्ट्रेस. क्रुस्कलने ते १९६४ मध्ये दिलं. क्लार्कने १९९३ मध्ये अंदाजे पट्टी सांगितली : ०.१ च्या खाली चित्र चांगलं, ०.२ पर्यंत कामचलाऊ, ०.३ च्या वर गेलं तर ठिपके जवळपास कुठेही टाकल्यासारखे. तुझं ०.१९ म्हणजे ढोबळ घडण बघ, दोन ठिपक्यांच्या मधल्या बारीक अंतरावर काही बोलू नकोस.

आणि त्या चित्रातल्या आडव्या-उभ्या अक्षांना स्वतःचा अर्थ नसतो. चित्र फिरवलं तरी तेच राहतं. "पहिला अक्ष ओलावा दाखवतो" असं लिहायचं असेल तर ओलावा स्वतंत्र मोजलेला हवा.

मृगसर
एसटीचा तक्ता! हे मी माझ्या वर्गात वापरणार.

पिवळी कण्हेर
जरा वेगळं बोलते. जागा अशा सारखेपणाने चित्रात मांडण्याला इंग्रजीत ऑर्डिनेशन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? मी बारावीपर्यंतच्या मुलांसाठी निसर्गावर लिहिते, तिथे अडते. 'क्रमांकन' म्हटलं तर नंबर देण्यासारखं वाटतं.

पानगळ
मला 'मांडणी' पुरेसं वाटतं. सारखेपणानुसार मांडणी.

निवृत्त मास्तर
मांडणी चांगला शब्द आहे. अंतराला तर आपल्याकडे वारसाच आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बहुचलांचं, म्हणजे अनेक मापं एकत्र धरून काढायचं, अंतर १९३६ साली मांडलं, ते माणसांच्या मोजमापांवरच्या कामातून आलेलं. आणि आज परिसंस्थावाले ज्याला आरडीए म्हणतात, म्हणजे पर्यावरणाच्या मापांनी बांधलेली मांडणी, त्याचं मूळ संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या १९६४ च्या 'संख्या' या नियतकालिकातल्या लेखात आहे. प्रजातींची संख्या आणि त्यांच्यातलं वेगळेपण एकत्र धरणारी विविधता मोजायची रीतही रावांचीच, १९८२ ची. २०२३ मध्ये १०२ वर्षांचे होऊन गेले. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मुलं एकदम ताठ बसायची.

गवताची काडी
मी सड्यांवर काम करते, माझा मुद्दा जमिनीवरचा आहे. सडा एकसारखा नसतो. उघडा कातळ, पाणी साचणारे उथळ खळगे, माती भरलेले खोलगट भाग, भेगा, प्रत्येकाचा झाडोरा वेगळा. एका सड्यावर तुमचे बारापैकी आठ क्वाड्राट खळग्यांत पडले आणि दुसऱ्यावर तीनच, तर फरक खळग्यांचा येईल आणि नाव बागेचं होईल. मातीची खोली मोजलीत का? लोखंडी सळई खुपसून सेंटिमीटरमध्ये लिहिली तरी पुरे.

आणि गेंद! गेंदाच्या प्रजाती फूल आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाहीत. सगळे सडे एकाच माणसाने ओळखलेत का? नसतील तर दोन ओळखणाऱ्यांतला फरक तुमच्या पर्मानोव्हात दोन सड्यांतला फरक म्हणून उगवेल. शंका असेल तिथे 'गेंद' एवढ्यावरच थांबा. खोट्या बारकाईपेक्षा ते बरं.

कातळफूल
ओळख सगळी मीच केली, नमुने ठेवलेत. खळगा की कातळ हे प्रत्येक क्वाड्राटला लिहिलंय. मातीची खोली ७२ पैकी ५० ठिकाणीच मोजली. पावसात सळई हरवली होती आणि नवी मिळेपर्यंत चार दिवस गेले.

फुलपाखरूवाला
मध्येच विचारतो. आम्ही पुण्यात एका टेकडीवर दर रविवारी ठरलेल्या वाटेने फुलपाखरं मोजतो. तीन वर्षांच्या नोंदी आहेत. "विविधता वाढली का" हे बघायचंय. एका वर्षी आम्ही ४० रविवार गेलो, एका वर्षी २२. प्रजाती अर्थातच ४० वाल्या वर्षी जास्त. हे कसं सोडवायचं?

आंबोळी
जास्त फेऱ्या, जास्त प्रजाती, हे होणारच. ४० मधून २२ रविवार चिठ्ठ्या टाकून निवडा, प्रजाती मोजा, हे शेकडो वेळा करून सरासरी घ्या. यालाच रेअरफॅक्शन म्हणतात, कल्पना १९६८ च्या सँडर्सच्या समुद्रतळावरच्या कामातली, सूत्र हर्लबर्टने १९७१ मध्ये दुरुस्त केलं. फक्त बघा की २२ रविवार सगळ्या ऋतूंत विखुरलेले होते का. सगळे उन्हाळ्यातले असतील तर कुठलंही सूत्र तुम्हाला पावसाळा परत आणून देणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

निवृत्त मास्तर
कातळफूल, आता मूळ मुद्द्यावर. तुझे नमुने किती?

कातळफूल
७२, मास्तर.

निवृत्त मास्तर
बाग कशाला लागली आहे? क्वाड्राटला की सड्याला?

कातळफूल
सड्याला. म्हणजे... सहा?

निवृत्त मास्तर
सहा. एका सड्यावरचे बारा क्वाड्राट एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. तोच कातळ, तोच उतार, तीच गुरं. त्यांना बारा स्वतंत्र साक्षीदार मानलंस तर एकाच घरातल्या बारा जणांची साक्ष बारा गावांची म्हणून लिहिल्यासारखं होतं. हर्लबर्टने १९८४ मध्ये या चुकीला नाव दिलं, खोटी पुनरावृत्ती, आणि तेव्हापासून ती चालूच आहे.

आता चिठ्ठ्या कर. सहा चिठ्ठ्यांवर सहा सड्यांची नावं. पर्मानोव्हा विचारतं : बाग आणि मोकळा ही लेबलं उगाच वाटली असती तर इतका फरक दिसला असता का? सहातून तीन निवडायच्या रीती २०. त्यात 'हे तीन बागवाले' आणि 'ते तीन बागवाले' अशी अदलाबदल तोच फरक देते, म्हणून वेगळ्या विभागण्या दहाच. तुझी खरी विभागणी त्या दहांत सगळ्यात टोकाची निघाली तरी पी किती? दहात एक. ०.१. त्याखाली तो जाऊच शकत नाही. मग तुझा ०.००१ आला कुठून? संगणकाने ७२ क्वाड्राट सुटे फिरवले, ९९९ वेळा. त्या ९९९ मध्ये एकदाही तुझ्याइतका फरक दिसला नाही, म्हणून हजारात एक.

पानगळ
यात एक खाचखळगा आहे, मी स्वतः पडलेय त्यात. अडोनिसमध्ये 'स्ट्राटा' म्हणून सडा दिला की काम झालं असं वाटतं. उलट होतं. स्ट्राटा दिल्यावर अदलाबदल सड्याच्या आतल्या आत होते. तुमच्या बाबतीत एका सड्यावरचं लेबल सगळं एकच, त्यामुळे काहीही बदलत नाही आणि पी सरळ १ येतो. तुम्हाला अख्खे सडे फिरवायचेत : परम्यूट पॅकेजमध्ये सडा हा 'प्लॉट' सांगायचा, आतली अदलाबदल बंद करायची. किंवा प्रत्येक सड्याची सरासरी काढून सहा ओळींचा तक्ता करायचा. तो सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात सोपा.

कातळफूल
थोडा वेळ द्या मला.

दगडूशेट_नव्हे
मी असहमत आहे. बिचारीने पावसात ७२ क्वाड्राट केले आणि तुम्ही तिला सहा म्हणताय. प्रत्येकाला पन्नास सडे कुठून मिळणार? परिसंस्थेत असेच नमुने असतात. पी च्या मागे लागू नका, फरक किती मोठा आहे ते लिहा आणि पुढे व्हा.

निवृत्त मास्तर
फरक किती मोठा ते लिहावंच, तुमचं बरोबर आहे. ७२ क्वाड्राट वायाही गेले नाहीत. त्यांनी प्रत्येक सड्याचं चित्र पक्कं केलं. एका सड्यावर दोनच क्वाड्राट असते तर सरासरीच डळमळीत झाली असती. पण "बागेमुळे" हा शब्द लिहायचा असेल तर बागा मोजाव्या लागतात. चार आणि चार सडे असते तर निवडीच्या रीती ७०, सगळ्यात लहान पी ७० त २, म्हणजे ०.०२९. पाच आणि पाच असते तर २५२ त २, ०.००८. मी पन्नास मागत नाही, दोन जास्त मागतोय.

खेकडा
अंतरावरच सगळं उभं करण्याला माझा मुळातून विरोध आहे. वॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अंतर-पद्धती सरासरीतला फरक आणि विखुरण्यातला फरक यांची गल्लत करतात. मोजणीच्या आकड्यांत सरासरी वाढली की विखुरणं वाढतंच. त्यापेक्षा प्रत्येक प्रजातीला तिच्या स्वभावाचं प्रतिमान लावा, शून्यं भरपूर असतील तर ऋण द्विपद वितरणाचं, आणि मग सगळ्या प्रजातींचा निकाल एकत्र वाचा. एमव्हीअबंड पॅकेज त्यासाठीच आहे. त्यात कोणती प्रजात बदलली हेही कळतं. पर्मानोव्हा म्हणतं "काहीतरी बदललं". बागायतदाराला जाऊन "काहीतरी बदललं" सांगणार का?

पानगळ
खेकडा, मुद्दा रास्त आहे, पण विखुरण्याची गल्लत तपासता येते. व्हेगनमधलं बीटाडिस्पर त्यासाठीच. अँडरसन आणि वॉल्श यांनी २०१३ मध्ये दाखवलं की दोन्ही गटांत नमुने समसमान असतील तर पर्मानोव्हा बऱ्यापैकी टिकतं, विषम असतील तर फसवतं. कातळफूलचे तीन-तीन आहेत. आणि विखुरणं बदलणं हाही निकालच आहे. बागांमधले सडे एकमेकांसारखे होत चालले असतील तर ती किती मोठी गोष्ट आहे!

खेकडा
मान्य. पण तिने शिकायचं ठरवलंच आहे तर दोन्ही शिकावं. आणि माझ्या पद्धतीतही सडे सहाच राहतात, हे मास्तरांच्या बाजूने सांगतो. कुठलंही प्रतिमान सातव्या सड्याला जन्म देत नाही.

रानवाटेचा भाऊ
मी शेतकरी, आमचीही कलमं आहेत. वाचून एक सांगावंसं वाटलं. ताई, बागा सगळ्या एका वयाच्या नसतात. वीस वर्षांच्या बागेत आणि दोन वर्षांपूर्वी फोडलेल्या कातळात फार फरक. आमच्याकडे जुन्या बागेच्या कडेला पाणी वाहायची वाटच बदललीय. खळगे सुकले. गेंद कमी झाला असेल तर त्यामुळे असेल, बघा. सड्यावर यायचं असेल तर आमच्याकडेही या. शेजारी दोन सडे आहेत, एक अजून कुणी हात न लावलेला, वर कातळशिल्पं आहेत.

गवताची काडी
भाऊ, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. पाण्याची वाट ही कुठल्याच पॅकेजमध्ये मिळत नाही. कातळफूल, बागेचं वय आणि खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, हे दोन रकाने वाढवच.

उत्तरसमुद्र
पुस्तकाचं राहिलं. बोर्कार, जिले आणि लजाँद्र यांचं आर वापरून शिकवणारं पुस्तक आहे, दुसरी आवृत्ती २०१८ ची. महाग आहे, ग्रंथालयाकडे मागणी कर. व्हेगनची स्वतःची शिकवणी फुकट मिळते, यारी ओक्सानेन या फिनलंडच्या माणसाने लिहिलेली, तिथून सुरू कर. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक गोष्ट आधी तीन ओळींच्या तक्त्यावर हाताने.

मृगसर
पाच दिवस झाले. कातळफूल, कुठे आहेस?

कातळफूल
आले. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून काढले, मग कामाला बसले.

आधी ड्यूनवर सगळं केलं. ब्रे-कर्टिसच्या पहिल्या तीन जोड्या हाताने काढल्या, संगणकाशी जुळल्या. मग माझ्या तक्त्यात एका कवल्याची दोन स्पेलिंगं सापडली, म्हणजे ४० प्रजाती, ४१ नाहीत. चित्र आणि चाचणी दोन्हीला वर्गमूळ घेतलेले आकडे दिले.

मग मास्तरांच्या चिठ्ठ्या. सहा सड्यांच्या दहाही विभागण्या लिहून काढल्या आणि आधी मुद्दाम जुन्या रीतीने, क्वाड्राट सुटे फिरवून, प्रत्येकीचं पर्मानोव्हा केलं. ज्या विभागण्यांचा बागेशी काही संबंध नाही, नुसती नावं उलटसुलट केलेली, त्यांनाही ०.००१ येत होता. एकामागून एक. ते बघताना पोटात खड्डा पडला. माझा ०.००१ बागेबद्दल काहीच सांगत नव्हता. सडे एकमेकांपासून वेगळे आहेत एवढंच तो सांगत होता, आणि ते तर मला चालतानाच माहीत होतं.

मग अख्खे सडे फिरवले. खरी विभागणी दहांत दुसरी आली. पहिली आली ती समुद्राजवळचे तीन विरुद्ध आतले तीन. म्हणजे माझा पी ०.२.

मार्गदर्शकांना सगळं दाखवलं. भीती वाटत होती. त्यांनी चिठ्ठ्या हातात घेऊन दोन वेळा स्वतः करून पाहिलं आणि म्हणाले, प्रबंध एक पावसाळा पुढे ढकलू. ज्या बाईंनी प्रश्न विचारला होता त्यांच्याकडेही गेले, त्यांनी त्यांची मातीची सळई दिलीय.

आता ठरवलंय ते असं. सडे दहा, पाच आणि पाच, आणि दोन्ही गटांत समुद्राजवळचे आणि आतले दोन्ही. प्रत्येक सड्यावर १२ ऐवजी ८ क्वाड्राट, चार खळग्यांत आणि चार मातीच्या भागात. मातीची खोली सगळीकडे. बागेचं वय मालकांना विचारून. खळग्यातलं पाणी दर आठवड्याला.

रानवाटेचा भाऊ, तुमचे दोन्ही सडे मला हवेत. मृगाचा पाऊस पडला की दीपकाडीच्या वेळेला पहिली फेरी करीन म्हणते. चालेल का?

रानवाटेचा भाऊ
कधीही या ताई. जेवूनच जायचं. वरच्या सड्यावर जायला घरून कुणीतरी सोबत येईल, पावसात कातळ फार निसरडा असतो.

निवृत्त मास्तर
समुद्राजवळचे आणि आतले दोन्ही गटांत घेणार असशील तर चिठ्ठ्याही त्या दोन ढिगांत वेगळ्या फिरवाव्या लागतील, मग रीती कमी होतात. समजा समुद्राजवळचे चार, दोन बागवाले आणि दोन मोकळे. आतले सहा, तीन आणि तीन. एकूण रीती किती आणि सगळ्यात लहान पी किती, ते निघण्याआधी मला काढून दाखव.

कातळफूल
सहा गुणिले वीस, १२०. सगळी लेबलं उलटवली तर तोच फरक, म्हणून १२० त २. ०.०१७. बरोबर का मास्तर?

निवृत्त मास्तर
बरोबर. जा सड्यावर.